कर्ट फ्लड आणि न संपणारं एक वर्ष

मागच्या शनिवारी 'मनीबॉल' पुन्हा एकदा बघितला. कितव्यांदा ते विचारू नका. आकडेमोड करून बेसबॉलची टीम बांधायची ही कल्पनाच आम्हा इंजिनियर लोकांना भुरळ घालणारी. २००२ सालची ओकलंड अ‍ॅथलेटिक्स, तिचा जनरल मॅनेजर बिली बीन, सगळ्या टीमच्या पगाराचं बजेट जेमतेम ४ कोटी डॉलर, आणि तरी सीझनमध्ये १०३ मॅचेस जिंकलेल्या. यांकीजचं बजेट त्याच्या तिप्पट. हे बघताना आपलीच छाती फुगते, जणू ती एक्सेल शीट आपणच बनवली होती :)

पण या वेळी एका छोट्याशा सीनपाशी अडकलो. बीनचा असिस्टंट कार्लोस पेन्या नावाच्या खेळाडूला बोलावून सांगतो की तुला डेट्रॉइटला ट्रेड केलंय. मिनिटभराचा मामला. पेन्या ऐकतो आणि उठून जातो. त्याला आधी कोणी विचारलेलं नसतं. विचारायची पद्धतच नाही.

हा सीन लागण्याचं कारण घरचंच आहे. पहिल्या नोकरीत, दोन वर्षांचा बाँड असताना, एका शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. "सोमवारपासून तू चेन्नईला. त्यांना एक जावा रिसोर्स हवा होता, आपल्याला टेस्टर हवा होता. जमवून टाकलं." मी मान डोलावली. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "अरे, पण तुला विचारलं तरी का?" मला तो प्रश्न पडलाच नव्हता.

तर ज्याला तो प्रश्न पडला, आणि ज्याने तो थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत नेला, अशा एका माणसाची ही गोष्ट. नाव कर्ट फ्लड.

आधी थोडी पार्श्वभूमी. बेसबॉलमध्ये 'ट्रेड' म्हणजे दोन टीम्सनी आपापल्या खेळाडूंची अदलाबदल करायची. खरं तर अदलाबदल होते ती कॉन्ट्रॅक्टची. माणूस त्या कागदामागून आपोआप जातो. आता कॉन्ट्रॅक्ट तर एक वर्षाचं असायचं. मग वर्ष संपल्यावर खेळाडू दुसरीकडे का जात नसे? तर त्यात एक कलम होतं, 'रिझर्व्ह क्लॉज'. त्याची सुरुवात १८७९ सालची. टीमच्या मालकांनी आपापसात ठरवलं की प्रत्येकाने आपले पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि त्यांना बाकीच्यांनी हात लावायचा नाही. पुढे पाचाचे सगळे झाले, आणि गुपचूप ठरलेली गोष्ट छापील कॉन्ट्रॅक्टमध्ये आली.

हे कलम म्हणजे प्रोग्रॅमरने वाचावं असं प्रकरण आहे. त्याचा आशय असा: खेळाडूने नवीन कॉन्ट्रॅक्टवर सही केली नाही, तर टीम जुनं कॉन्ट्रॅक्ट 'त्याच अटींवर' आणखी एक वर्ष वाढवू शकते. आता 'त्याच अटी' म्हटल्यावर त्यात हे कलमसुद्धा आलंच की! म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा एक वर्ष. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आमच्या भाषेत सांगायचं तर रिकर्शन आहे, पण बेस केस नाही. समोरासमोरच्या दोन आरशांमध्ये उभं राहावं तसं. खेळाडूपुढे पर्याय दोनच, मिळेल त्या टीमकडून मिळेल त्या पगारात खेळा, नाहीतर खेळच सोडा.

कोणी कोर्टात गेलं नाही असंही नाही. १९२२ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापारच नाही, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स, म्हणजे साधंसुधं नाव नव्हे. १९५३ मध्ये पुन्हा तोच निकाल. गंमत म्हणजे पुढे त्याच कोर्टाने बॉक्सिंगला आणि फुटबॉलला हा कायदा लागू होतो असं सांगितलं. सुटला एकटा बेसबॉल.

आता फ्लडकडे येऊ. जन्म १९३८, लहानपण ओकलंडमध्ये. (हो, मनीबॉलवालंच ओकलंड. ती टीम मात्र तिथे १९६८ मध्ये आली.) १९५७ च्या डिसेंबरमध्ये सिनसिनाटीने त्याला सेंट लुईस कार्डिनल्सकडे ट्रेड केलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तेव्हा तो मुकाट्याने गेला. पुढची बारा वर्षं तो कार्डिनल्सचा सेंटर फील्डर. म्हणजे मैदानाच्या मागच्या मोठ्या मोकळ्या भागात धावून धावून कॅच घेणारा. सर्वोत्तम फील्डरला मिळणारा 'गोल्ड ग्लव्ह' त्याने १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षं घेतला. १९६४ आणि १९६७ मध्ये कार्डिनल्सने वर्ल्ड सीरिज जिंकली, त्या दोन्ही टीम्समध्ये तो होता. १९६८ च्या वर्ल्ड सीरिजच्या शेवटच्या मॅचमध्ये मात्र एका उंच फटक्याचा त्याचा अंदाज चुकला, बॉल डोक्यावरून मागे गेला आणि डेट्रॉइट जिंकलं.

टीमचे मालक ऑगस्ट बुश, बिअरचे मोठे कारखानदार. १९६९ च्या सीझनआधी त्यांनी सगळ्या खेळाडूंना समोर बसवून, पत्रकारांच्या देखत, चांगलंच लेक्चर दिलं. तुम्ही पैशांचं फार बोलायला लागलात, असा एकूण सूर. तो सीझन बरा गेला नाही, आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये कार्डिनल्सने फ्लडसकट चार खेळाडू फिलाडेल्फियाला देऊन तिकडचे तीन घेतले. फ्लडला हे फोनवर कळलं. तेही जनरल मॅनेजरकडून नाही, तर ऑफिसमधल्या मधल्या फळीतल्या एका माणसाकडून. बारा वर्षं आणि एक फोन.

याच ट्रेडमध्ये तिकडून आलेला मुख्य खेळाडू डिक अ‍ॅलन. फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांनी त्याला नको नको केलं होतं. त्याला तिथून कधीचं सुटायचं होतं, पण स्वतःहून सुटता येत नव्हतं. म्हणजे बघा, एकाच व्यवहारात एकाला राहायचं होतं आणि एकाला जायचं होतं, आणि दोघांच्याही इच्छेला किंमत सारखीच. शून्य. अ‍ॅलनचं नशीब की मालकांची सोय आणि त्याची इच्छा एकदा जुळली.

फ्लड कृष्णवर्णीय. दक्षिणेत उमेदवारीच्या लीगमध्ये खेळताना गोऱ्या खेळाडूंच्या हॉटेलात आणि जेवणाच्या टेबलावर त्याला जागा नव्हती. 'माणसाची मालकी' हे शब्द त्याच्यासाठी पुस्तकी नव्हते. २४ डिसेंबर १९६९ ला त्याने बेसबॉलचे कमिशनर बोई क्यून यांना पत्र लिहिलं. मतितार्थ असा की बारा वर्षांनंतर मी काही माझ्या इच्छेविरुद्ध विकता-घेता येणारी मालमत्ता नाही, मला इतर टीम्सच्या ऑफर्सही ऐकायच्या आहेत, तसं सगळ्यांना कळवा. क्यून यांचं उत्तर एखाद्या एचआरच्या मेलसारखं होतं. तुम्ही माणूस आहात, मालमत्ता नाही, हे अगदी मान्य. पण त्याचा इथे काय संबंध?

लोक म्हणाले, वर्षाला ९०,००० डॉलर मिळवणारा माणूस कसली गुलामगिरी सांगतोय? एका टीव्ही मुलाखतीत त्याला हेच विचारलं गेलं. त्याचं उत्तर साधं होतं, भरपूर पगार मिळाला तरी गुलाम तो गुलामच.

कोर्टात जाण्याआधी तो खेळाडूंच्या युनियनचे प्रमुख मार्विन मिलर यांना भेटला होता. मिलर पूर्वी पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये अर्थतज्ज्ञ होते. त्यांनी गोड बोलून फसवलं नाही. स्वच्छ सांगितलं, तू हरणार, आणि जिंकलास तरी तुला त्याचा फायदा नाही, करिअर संपेल. फ्लडने विचारलं, बाकीच्यांना फायदा होईल? नंतर येणाऱ्यांना? मिलर म्हणाले, होईल. मग पुरे, असं म्हणून तो उभा राहिला. युनियनच्या सभेत पंचवीस विरुद्ध शून्य मतांनी त्याला पाठिंबा मिळाला आणि वकिलाचा खर्चही युनियनने उचलला.

पण १९७० मध्ये न्यूयॉर्कला खटला उभा राहिला तेव्हा काय झालं? जॅकी रॉबिन्सन साक्षीला आले, हँक ग्रीनबर्ग आले. दोघेही निवृत्त. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात त्याच्या बाजूला येऊन बसला नाही. साक्ष सोडा, प्रेक्षक म्हणूनसुद्धा नाही. मत देताना पंचवीस हात वर होते. हे वाचल्यावर मी त्यांना नावं ठेवणार होतो, पण चेन्नईची शुक्रवारची मान आठवली आणि गप्प बसलो.

१९७० चं अख्खं वर्ष तो खेळला नाही. म्हणजे लाखभर डॉलरवर पाणी. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून परत आला, पण पाय साथ देत नव्हते. १३ मॅचेस खेळून एप्रिलमध्येच सोडून गेला. वय तेहतीस.

१९ जून १९७२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. ५ विरुद्ध ३, फ्लड हरला. नववे न्यायमूर्ती बाजूला झाले होते, कारण त्यांच्याकडे बुश यांच्या कंपनीचे शेअर्स होते. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकालपत्राच्या सुरुवातीला बेसबॉलचं गुणगान करून अठ्ठ्याऐंशी जुन्या खेळाडूंची नावं लिहिली आहेत! पुढे कोर्टाने चक्क मान्य केलं की बेसबॉलला मिळालेली सूट विसंगत आहे. पण पन्नास वर्षं चालत आलंय, बदलायचं तर संसदेने बदलावं. लेगसी कोडवर काम केलेल्यांना हे नवीन नाही. चूक आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण हात लावायची हिंमत कोणी करत नाही, आणि प्रत्येक जण म्हणतो ते मॉड्यूल माझं नाही.

मालकांचा मुद्दा अगदीच पोकळ होता असं नाही. खेळाडू मोकळे झाले तर श्रीमंत टीम्स सगळे चांगले खेळाडू घेऊन जातील, असं ते म्हणायचे. फक्त अडचण अशी की रिझर्व्ह क्लॉज जोरात असताना १९४९ ते १९६४ या सोळा वर्षांत यांकीज चौदा वेळा वर्ल्ड सीरिजमध्ये पोचले होते. म्हणजे समतोलाचं नाव पुढे, आणि मागे पगाराचा हिशोब.

खटला चालू असताना मालकांचे वकील कोर्टात म्हणत होते की हा प्रश्न युनियनशी वाटाघाटी करून सोडवायचा आहे. मिलर यांनी ते शब्द पकडले. १९७० च्या करारात तक्रारींसाठी त्रयस्थ लवाद मिळवला. १९७३ मध्ये नवा नियम आला, दहा वर्षं खेळलेल्या आणि शेवटची पाच त्याच टीममध्ये असलेल्या खेळाडूला ट्रेड नाकारता येईल. फ्लडला १९६९ मध्ये नेमकं हेच हवं होतं.

मग १९७५. डॉजर्सचा पिचर अँडी मेसरस्मिथ कॉन्ट्रॅक्टमध्ये 'मला विचारल्याशिवाय ट्रेड करणार नाही' अशी अट मागत होता. टीमने ती नाकारली. तो सही न करता वर्षभर खेळला आणि डेव्ह मॅकनॅलीबरोबर लवादाकडे गेला. लवाद पीटर साइट्झ यांनी ते कलम वाचलं आणि २३ डिसेंबर १९७५ ला सांगितलं की एक वर्ष म्हणजे एक वर्ष. संपलं. खेळाडू मोकळे.

कोडची एक ओळ बदलली नव्हती. फक्त कोणीतरी ती नीट वाचली. जवळजवळ शंभर वर्षं चाललेलं रिकर्शन एका वाक्यात थांबलं. फ्लडच्या पत्राला सहा वर्षं व्हायला एक दिवस बाकी होता. मालकांनी साइट्झ यांना तात्काळ काढून टाकलं, पण वरच्या कोर्टांनी निकाल कायम ठेवला.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. ओकलंडचे तेव्हाचे मालक चार्ली फिन्ली म्हणाले, करून टाका सगळ्यांना दर वर्षी मोकळं! बाकीच्या मालकांनी त्यांना वेड्यात काढलं. मिलर यांना मात्र घाम फुटला, कारण दर वर्षी सगळेच खेळाडू बाजारात आले तर भाव पडणार. म्हणून १९७६ मध्ये तडजोड झाली, पहिली सहा वर्षं खेळाडू टीमच्या ताब्यात, मग मोकळा. बिली बीनचं २००२ चं गणित याच सहा वर्षांवर उभं आहे. झिटो, हडसन, मल्डर हे त्याचे तीन जबरदस्त पिचर सहा वर्षांच्या आतले, म्हणून स्वस्त. पेन्याही त्याच सहा वर्षांतला, म्हणून त्याला विचारायची गरज नव्हती. सिनेमात हे फारसं सांगत नाहीत.

फ्लड मायोर्का बेटावर जाऊन राहिला, बार चालवला, दारूच्या आहारी गेला, पुढे सावरला. २० जानेवारी १९९७ ला कॅन्सरने गेला, वय एकोणसाठ. १९९८ मध्ये अमेरिकन संसदेने अखेर कायदा करून खेळाडूंच्या नोकरीपुरती ती सूट काढली. कायद्याला नाव दिलं कर्ट फ्लडचं. त्याच्या खात्यात त्यातला एक डॉलरही आला नाही.

मी चेन्नईत सव्वा वर्ष काढलं. वाईट गेलं असंही नाही, इडली-सांबारची सवय लागली ती अजून आहे. आता मी स्वतः टीम लीड आहे. मागच्या महिन्यात दुसऱ्या प्रोजेक्टला माणूस हवा होता आणि मी शीटमध्ये एका पोरीचं नाव एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात टाकलं. मेल पाठवायच्या आधी आईचा प्रश्न आठवला. उठून तिच्या डेस्कपाशी गेलो आणि विचारलं.

ती 'नाही' म्हणाली. मग मला शीट पुन्हा करावी लागली. दोन तास गेले.

असो. झोपतो आता, उद्या सोमवार.