घर नाकारण्याचा हक्क

कायद्याचीं जुनीं पुस्तकें चाळण्याची हौस फारशी कोणास नसते. परंतु आपल्या शहरांतील वस्ती आज जशी विभागलेली दिसते तशी ती कां झाली, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें १९१२ सालच्या सहकारी संस्थांच्या कायद्याचें सहावें कलम एकवार अवश्य पाहावें. सभासदांस कर्ज देण्याकरितां निधि उभारणाऱ्या संस्थेचे सभासद एकाच गांवचे किंवा जवळपासच्या गांवांचे असावे. नाहीं तर, रजिस्ट्रारनें अन्यथा आज्ञा केली नसल्यास, ते एकाच जमातीचे, वर्गाचे, जातीचे किंवा धंद्याचे असावे, असा त्याचा आशय आहे. ‘जात’ हा शब्द येथें सरकारनें स्वहस्तें लिहिला. त्यामागें कांहीं दुष्ट हेतु होता असें मात्र समजूं नये. कर्ज द्यावयाचें तें ओळखीच्या माणसास. आणि ओळख पटविण्याचें गांव व जात यांहून अधिक भरंवशाचें साधन त्या काळच्या अधिकाऱ्यांस दिसत नव्हतें, इतकेंच.

घरें बांधणाऱ्या संस्थांवर या कलमाचें बंधन नव्हतें. तरीहि आरंभींच्या एका गृहसंस्थेनें जी वाट धरली ती हीच. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग शिरला. १८९८ मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून नवे रस्ते काढण्याचें काम सुरू झालें. कारवार-मंगळूरकडून कारकुनीसाठीं आलेल्या सारस्वत कुटुंबांस परवडेल अशी हवेशीर जागा मिळणें दुरापास्त होतें. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तलमकी यांनीं १९०६ मध्यें शामराव विठ्ठल पतपेढी काढलेली होतीच. त्यांच्याच पुढाकारानें १९१५ मध्यें गांवदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली. हिंदुस्थानांतील अगदीं आरंभींच्या सहकारी गृहसंस्थांपैकीं ही एक होय. एकट्यानें एक भिंत बांधण्याचीहि ऐपत नसलेल्या माणसांनीं एकत्र येऊन इमारती उठविल्या, ही गोष्ट सामान्य नव्हे. जातीच्या आधारानें ही संस्था उभी राहिली म्हणून तिला नांवें ठेवणें सोपें आहे. पण त्या आधारावांचून ती उभी राहिली असती असें म्हणण्यास मला धैर्य होत नाहीं. पुढें इतर समाजांनींहि हाच कित्ता गिरवला. अहमदाबादेंत १९२६ मध्यें नोंदली गेलेली पारशी मंडळींची एक गृहसंस्था त्यांपैकींच. सभासद पारशीच असावा, असा तिचा पोटनियम होता. त्याची गोष्ट पुढें यावयाची आहे.

आंत आलेल्यांची हकीकत ही अशी. बाहेर राहिलेल्यांची हकीकत डॉ. आंबेडकरांनीं स्वतः लिहून ठेवली आहे. १९१७ मध्यें परदेशचें उच्च शिक्षण घेतलेले डॉक्टर बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. पण त्या शहरांत त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी नांव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेंत उतरले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेला जमाव दाराशीं आला, आणि संध्याकाळच्या आंत जागा सोडणें त्यांस भाग पडलें. एका हिंदु मित्राकडे गेले, एका ख्रिस्ती मित्राकडे गेले. दोघांनींहि कांहीं ना कांहीं सबब सांगितली. येथें कोणा एका समाजास दोष देतां येत नाहीं हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. प्रत्येकाचा उंबरठा त्याच्या स्वतःच्या मालकीचा होता, आणि कायदा त्या उंबरठ्याबाहेर उभा होता.

१९५० मध्यें राज्यघटना अंमलांत आली. तिच्या पंधराव्या कलमांत दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते या सर्वांचा उल्लेख आहे, घराचा नाहीं. १९५५ च्या अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्यानें ही उणीव अंशतः भरून काढली. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याहि वस्तींत घर बांधण्यास, घेण्यास किंवा तेथें राहण्यास अटकाव करणें हा त्यानें अपराध ठरविला. धर्माच्या वा पोटजातीच्या नांवाखालीं घर नाकारणारा मात्र या जाळ्यांतून सुटला.

तो सुटला कसा, हें अहमदाबादच्या संस्थेच्या खटल्यावरून कळतें. तेथील एका सभासदास आपली जागा पारशी नसलेल्यांस विकतां येईल अशी योजना करावयाची होती. संस्थेनें पोटनियम पुढें केला. गुजरातच्या उच्च न्यायालयानें सभासदाच्या बाजूनें निकाल दिला. परंतु २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. समानतेचीं कलमें राज्यसंस्थेस बांधतात, खासगी संस्थेस नव्हे. संघ स्थापण्याच्या स्वातंत्र्यांत आपले सोबती निवडणें येतें. सार्वजनिक धोरण शोधावयाचें तें सहकारी कायद्याच्याच चौकटींत. बदल हवा असल्यास तो विधिमंडळानें करावा, असा त्या निकालाचा मथितार्थ. सहकारी कायद्यांत खुल्या सभासदत्वाचें तत्त्व आहे खरें. पण दार खुलें ठेवावयाचें तें पात्र माणसास, आणि पात्र कोण तें पोटनियमानेंच ठरवावयाचें!

संख्येनें लहान असलेल्या समाजास एकत्र राहावेंसें वाटणें यांत गैर कांहीं नाहीं, हें मी मान्य करतों. मला खटकतें तें निराळेंच. सहकारी संस्था ही चार मित्रांची बैठक नव्हे. तिला जन्म देतो तो सरकारी रजिस्ट्रार. १९१२ च्या कायद्यापासून मुद्रांकशुल्कांत व नोंदणीच्या फींत तिला सूट मिळूं शकते. सभासदाची थकबाकी जमीनमहसुलाप्रमाणें वसूल करण्याची सोयहि पुढें तिला झाली. इतकें राज्याचें अन्न खाल्ल्यावर ‘आम्ही केवळ खासगी’ हें म्हणणें कितपत शोभतें?

अमेरिकेंत हाच पेंच एकदां निराळ्या रीतीनें सुटला होता. सेंट लुई शहरांतील एका रस्त्यावरच्या ३९ मालकांपैकीं ३० जणांनीं १९११ मध्यें करार केला कीं, पन्नास वर्षें येथील घर निग्रो किंवा मंगोल वंशाच्या माणसास द्यावयाचें नाहीं. १९४५ मध्यें शेली नांवाच्या निग्रो कुटुंबानें तेथें घर घेतलें. शेजारी कोर्टांत गेले. १९४८ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालय म्हणालें : खासगी लोकांनीं आपसांत करार पाळावा, पण तो बजावून देण्यास न्यायालयाचा हात मिळणार नाहीं, कारण न्यायालयाचा हात हा राज्याचाच हात. तरी घरें मिळूं लागलीं असें नव्हे. मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिल १९६८ रोजीं खून झाला, आणि त्यानंतर आठवड्याच्या आंत, ११ एप्रिलला, घर नाकारणेंच बेकायदा ठरविणाऱ्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. त्यांतहि, चार बिऱ्हाडांपर्यंतच्या इमारतींत स्वतः राहणाऱ्या मालकास सवलत ठेवलीच!

आपल्याकडे अलीकडे ही भाषा कायद्यांत शिरली आहे, पण मोठ्या विचित्र वाटेनें. २०१७ चा एचआयव्ही व एड्सविषयींचा कायदा आणि २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा, या दोहोंत घर घेण्याचा, भाड्यानें राहण्याचा हक्क नाकारण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि ती खासगी मालकासहि लागू आहे. म्हणजे उंबरठा ओलांडणें कायद्यास अशक्य नाहीं. मग घरांचा व्यापार ताब्यांत आणणारा २०१६ चा कायदा पाहावा : चटईक्षेत्र, मुदत, ग्राहकांचा पैसा निराळ्या खात्यांत ठेवण्याची सक्ति, सर्वांची त्यांत तजवीज आहे, आडनांव ऐकून घर नाकारणाऱ्याबद्दल मात्र एक अक्षर नाहीं. २०१७ मध्यें शशी थरूर यांनीं सर्व प्रकारच्या भेदभावाविरुद्ध एक खासगी विधेयक लोकसभेंत मांडलें होतें. २०१९ मध्यें ती लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर तें विधेयकहि गेलें. दलाल तेव्हांहि जागा दाखविण्यापूर्वीं आडनांव विचारीत होते, आजहि विचारतात.