पाकिटावरच्या पाच सूचना: न भाजलेल्या मातीचा इतिहास

१/१६
छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळकडे जाणारा रस्ता पडेगावातून जातो. या रस्त्याने जाणारा प्रवासी बहुधा दगड पाहायला निघालेला असतो. देवगिरीचा तासलेला कडा आणि कैलास लेणे ही त्याची ठिकाणे. या परिसराच्या इतिहासात आणखी एक द्रव्य आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ते म्हणजे भट्टीत कधीच न गेलेली माती. हा धागा तिच्याविषयी.

२/१६
पडेगावसारख्या कोणत्याही उपनगरात स्टेशनरीच्या दुकानात आज ‘एअर ड्राय क्ले’चे पाकीट मिळते. सोबत प्लॅस्टिकच्या कोरण्या, छोटे लाटणे आणि तारेचे टोक असलेले एखादे हत्यार असते. घडवलेली वस्तू एक-दोन दिवसांत हवेतच वाळते. पाकिटावरच्या सूचना साधारण अशा असतात: माती नीट मळा. थर पातळ आणि सारखा ठेवा. जोड देताना दोन्ही बाजू ओरखडून ओल्या करा. पूर्ण वाळल्याशिवाय रंग किंवा व्हार्निश लावू नका. पाण्यापासून जपा.

३/१६
या सूचना नव्या नाहीत. मातीचे कण अतिशय बारीक आणि चपटे असतात व त्यांच्यामध्ये पाणी असते, म्हणून ओली माती हवी तशी वळते. पाणी उडून जाते तसे कण जवळ येतात आणि वस्तू आकसते. बाहेरचा भाग आधी वाळला आणि आतला ओला राहिला की तडा जातो. कुंभाराचे मडकेसुद्धा भट्टीत जाण्यापूर्वी वाळावेच लागते. भट्टी मातीला पक्केपणा देते; तडा टाळण्याचे काम मात्र आधीच, हाताने करायचे असते.

४/१६
पहिली सूचना मळण्याची. त्याआधी प्रश्न येतो तो कोणती माती घ्यावी हा. मराठवाड्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल इतकी भेगाळते. कापसाला ती उत्तम, भिंतीला वाईट. जुन्या मराठी कागदपत्रांत शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हटलेले आढळते. ही विभागणी महसुलाची होती, तशीच ती मातीच्या गुणांचीही होती.

५/१६
पांढरी म्हणजे पिढ्यान्पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण आणि केरकचरा मिसळून तयार झालेली माती. ती काळीइतकी फुगत नाही. म्हणूनच गढ्यांच्या भिंती आणि धाब्याच्या घरांची छते पांढऱ्या मातीची होत. ती भिजवायची, भुसा घालून पायाने तुडवायची, काही दिवस मुरू द्यायची आणि मग वापरायची. आजचे पाकीट ज्याला ‘मळा’ म्हणते, त्याचाच हा मोठा अवतार होय.

६/१६
दुसरी आणि तिसरी सूचना पाहण्यासाठी अजिंठ्याला जावे लागते. तिथली पाचव्या शतकातील, वाकाटक काळातील चित्रे थेट दगडावर काढलेली नाहीत. लेणे कोरून झाल्यावर ज्या भिंती रंगवायच्या होत्या त्या खडबडीत ठेवल्या गेल्या. छिन्नीच्या घावांच्या त्या खाचांत मातीचा गिलावा घट्ट बसला. जोड देण्यापूर्वी दोन्ही बाजू ओरखडा, हे पाकिटावरचे वाक्य त्या कारागिरांना नवे वाटले नसते.

७/१६
गिलाव्याचे थरही विचारपूर्वक दिलेले होते. खालच्या जाड थरात माती, दगडाची भरड, भाताचे तूस आणि गवत व इतर वनस्पतींचे तंतू. त्यावर अधिक बारीक मातीचा पातळ थर आणि शेवटी चुन्याचा हात. एकच जाड थर दिला असता तर तो वाळताना भेगाळून गळून पडला असता. तंतू आणि तूस मातीला आतून धरून ठेवतात. आज पाकिटातल्या मातीत अनेकदा कागदाचा लगदा किंवा तंतू असतात, त्यांचे कामही हेच.

८/१६
वेरूळच्या कारागिरांनी या मिश्रणात एक वेगळी भर घातली होती. पुरातत्त्व रसायनशास्त्रज्ञ राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष सापडल्याचे मांडले. हे प्रमाण सुमारे १० टक्के असल्याचे त्यांनी नोंदवले. ही वनस्पती ताग किंवा अंबाडी नव्हे. तुलनेसाठी वापरलेल्या नमुन्यांत शेजारच्या जालना जिल्ह्यातील भांगेचाही समावेश होता.

९/१६
या अभ्यासातील तर्क महत्त्वाचा आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळत नाही आणि तिथे गिलाव्यातील वनस्पतिजन्य भाग किड्यांनी खाल्ल्याने चित्रांची मोठी हानी झाली. वेरूळला तसे झाले नाही. भांगेचे तंतू चिवट असतात, ओलावा सांभाळतात आणि कीड दूर ठेवतात, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. अजिंठ्यातील उणीव वेरूळच्या लोकांनी पाहून सुधारली की हा नुसता योगायोग होता, हे कोणत्याही शिलालेखाने सांगितलेले नाही. सांगितले ते गिलाव्याने.

१०/१६
चौथी सूचना: पूर्ण वाळल्याशिवाय रंग किंवा व्हार्निश नको. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर रंगवण्याच्या युरोपीय पद्धतीची नाहीत. ती वाळलेल्या पृष्ठभागावर, बंधक मिसळलेल्या रंगांनी काढलेली आहेत. म्हणजे सूचनेचा पहिला अर्धा भाग पाचव्या शतकात काटेकोर पाळला गेला. चूक झाली ती दुसऱ्या अर्ध्या भागात, आणि तीही चौदाशे वर्षांनंतर.

११/१६
मुंबईच्या कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या प्रतिकृती करत होते. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश लावले गेले. पुढे १९२० ते १९२२ दरम्यान निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा बसवला, पण चित्रांवर लाखेचा थरही दिला. तो कालांतराने पिवळा-तपकिरी झाला, त्यावर धूळ आणि काजळी बसली. नंतरच्या संवर्धकांची अनेक वर्षे तो थर काढण्यात गेली.

१२/१६
या तज्ज्ञांचा हेतू वाईट नव्हता आणि त्यांच्याविना काही चित्रे कदाचित उरलीही नसती. पण ज्या पृष्ठभागाखाली माती आणि गवत आहे, त्यावर बंद थर चढवला की ती भिंत पुन्हा जुन्या रीतीने वागत नाही. माती वाळली म्हणजे तिचा हवेशी संबंध संपला असे होत नाही. पावसाळ्यात ती ओल घेते, उन्हाळ्यात सोडते. घरे सारवणाऱ्या बायकांना हे ठाऊक होते. म्हणूनच त्या दरवर्षी नवा हात फिरवत.

१३/१६
पाचवी सूचना पाण्याची, आणि इथे कथा इनामगावला पोचते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. जोर्वे संस्कृतीच्या या गावात उत्तम भाजलेली, काळी नक्षी असलेली भांडी होती आणि ती भाजण्याची भट्टीही मिळाली. तरीही सुमारे इ.स.पू. १३०० च्या एका घराच्या जमिनीखाली पुरलेल्या स्त्रीमूर्ती आणि बैल कच्च्या मातीचे निघाले. सोबत झाकण असलेली मातीची अंडाकृती पेटी होती. मूर्तींपैकी एकीला शिर नव्हते. अभ्यासक तिला मातृदेवता मानतात.

१४/१६
भट्टी असताना देवता कच्चीच का ठेवली? मातीकडे परत जाता यावे म्हणून, हे एक पटण्याजोगे उत्तर आहे. सिद्ध झालेले मात्र नाही. पोळ्याला ज्यांच्या घरी बैल नाहीत ते मातीचे बैल पुजतात आणि गणेशमूर्तीला ‘पार्थिव’, म्हणजे पृथ्वीची, म्हणतात. इनामगावपासून पोळ्यापर्यंत सरळ रेघ ओढणे धाडसाचे ठरेल. शाडूच्या मूर्तीचे विरघळणे हा मात्र तिचा दोष कधीच मानला गेला नाही. प्लॅस्टर ऑफ पॅरिस वाळत नाही, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, म्हणून तळ्यात तसेच उरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला २०२० मध्ये त्याच्या मूर्तींविरुद्ध सुधारित नियम काढावे लागले.

१५/१६
इतिहासलेखनाची एक अडचण यातून स्पष्ट होते. तेरच्या सातवाहनकालीन केओलिनच्या मूर्ती भाजलेल्या होत्या, म्हणून त्या संग्रहालयात आहेत. कच्च्या मातीत घडवलेले बहुतेक सारे पावसाने नेले आणि ते घडवणाऱ्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. उरला पुरावा गावोगावच्या पांढरीच्या टेकाडांत आहे. घरासाठी आणि शेताला खत म्हणून ती माती वर्षानुवर्षे गाड्या भरून नेली गेली, आज यंत्राने नेली जाते. प्रत्येक खेपेबरोबर एखादे इनामगाव वाचण्याआधीच पुसले जाण्याची शक्यता असते.

१६/१६
पडेगाववरून वेरूळला जाणाऱ्यांनी कैलास लेण्यात एकदा मान वर करून पाहावे. या लेण्याला ‘रंगमहाल’ असेही म्हणत, कारण एकेकाळी ते गिलाव्याने आणि रंगाने झाकलेले होते. छताच्या आडोशाला, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे त्या गिलाव्याचे तुकडे अजून दगडाला धरून आहेत. घरी परतल्यावर मुलाने केलेल्या मातीच्या बैलाचे शिंग गळून पडलेले दिसले, तर जोड ओरखडून ओला करायचा राहिला होता एवढेच समजावे.

(धागा समाप्त)