गवताच्या पोटीं फुलाचा गंध

पुण्यांतील वाड्यांच्या परसांत गवती चहाचा एखादा ठोंब पुष्कळदां आढळे. पावसाळ्यांत सर्दीपडशावर त्याच्या पातीचा काढा घ्यावा, यापलीकडे त्याची महती फारशी कोणी मानीत नसे. परंतु याच गवताच्या जातकुळींतून व्हायोलेट या विलायती जांभळ्या फुलाचा गंध निर्माण झाला, असें सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल. त्याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण बोधप्रदहि आहे.

व्हायोलेटच्या फुलांपासून अत्तर काढणें अतिशय खर्चाचें. म्हणून युरोपांतील गंधी आयरिस नांवाच्या झाडाचे कंद दोन-तीन वर्षें सुकवून त्यांचा तत्सदृश वास उपयोगांत आणीत. त्या वासाचें मूलद्रव्य शोधीत असतां टीमान व क्र्यूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं १८९३ सालीं एक नवेंच द्रव्य तयार केलें. गवती चहाच्या तेलांत सिट्रल नांवाचें द्रव्य विपुल असतें. क्षाराच्या साहाय्यानें त्याचा ॲसिटोनशीं संयोग घडवावा आणि मग त्यावर अम्लाची क्रिया करावी, म्हणजे व्हायोलेटचा गंध दरवळूं लागतो. ग्रीक भाषेंत या फुलाला ‘आयोन’ म्हणतात. त्यावरून या द्रव्यास ‘आयोनोन’ हें नांव मिळालें.

कोणी म्हणेल, हा गंध कृत्रिम, तेव्हां खोटा. हा आक्षेप टिकत नाहीं. पुढें हेंच द्रव्य खुद्द व्हायोलेटच्या फुलांतहि सांपडलें. शिवाय आयस्लर व त्यांचे सहकारी यांनीं १९४७ सालीं स्वित्झर्लंडांत आयोनोनच्याच एका प्रकारापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनविलें. चैनीसाठीं जन्मलेलें द्रव्य असें डोळ्यांच्या रक्षणाच्या कामीं आलें!

खरा प्रश्न निराळाच आहे. मलबारांतील कष्टकरी गवत कापीत, भट्टीवर तेल काढीत. तें तेल कोचीन बंदरांतून परदेशीं जाई. आयोनोनचे हक्क मात्र जर्मनींतील हारमान-रायमर व पॅरिसचा द लेर यांच्या कारखान्यांकडे होते. गवत आमचें, विद्या त्यांची. आणि किंमत आली ती विद्येला.

ही विद्या आपल्या भूमींत रुजविण्याचा एक मोठा प्रयत्न पुण्यांत झाला. पाषाणच्या रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजीं बाळासाहेब खेर यांनीं बसविली, आणि ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंनीं तिचें उद्घाटन केलें. तेथें डॉ. भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखालीं सुगंधी तेलांचें संशोधन चालले. आपल्या वैद्यांस शतकानुशतकें ठाऊक असलेल्या कोष्ठाच्या मुळांतील एका द्रव्याच्या अंतर्रचनेवर त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६० सालीं निबंध प्रसिद्ध केला.

फुलांच्या व गवतांच्या बाबतींत आपला देश दरिद्री कधींच नव्हता. उणीव होती ती त्यांचें अंतरंग जाणण्याच्या साधनांची. ती भरून काढणारें काम अत्तराच्या कुपीहून कितीतरी अधिक मोलाचें होय.