अश्वशक्तीचा पडताळा

मोटारीच्या माहितीपत्रकात अश्वशक्तीचा आकडा छापलेला असतो. घेणारा तो वाचतो आणि मान डोलावतो. परंतु तो आपल्यालाही पडताळता येईल, असे फार थोड्यांच्या मनात येते. या मोजमापाचा इतिहास पाहू जाता आम्हांस असे दिसते की, ते जन्मले तेच मुळी देवघेवीतून, आणि त्याची साधनेही साधीच होती.

जेम्स वॅट यांनी १७६९ साली आपल्या वाफेच्या इंजिनातील सुधारणेचे पेटंट घेतले. पुढे बोल्टन यांच्याशी भागीदारी झाल्यावर कॉर्नवॉलच्या खाणमालकांकडून ते जो मोबदला घेत, त्याची रीत निराळी होती. जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या मानाने जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा त्यांचा. पण गिरणीवाल्याकडे जुने इंजिन नव्हतेच. होते ते घोडे. त्याचा प्रश्न सरळ होता: हे यंत्र किती घोड्यांचे काम करील? तेव्हा वॅट यांनी गिरणीचा घोडाच हिशेबात घेतला. १२ फूट त्रिज्येचे रिंगण, तासाला १४४ फेरे आणि १८० पौंडांची ओढ. गुणाकार मिनिटाला सुमारे ३२,६०० फूट-पौंड येतो. तो ३३,००० धरला गेला. सामान्य घोड्याला दिवसभर इतके काम झेपत नाही. म्हणजे माप गिऱ्हाइकाच्या बाजूने थोडे झुकतेच होते.

माप ठरले, पण यंत्र तेवढे बळ देते की नाही, हे पाहायचे कसे? १८२१ च्या सुमारास फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी त्याचे उत्तर दिले. फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांचा चिमटा आवळायचा, चिमट्याला लांब तरफ जोडायची आणि तिच्या टोकाला वजने टांगून ती आडवी तोलून धरायची. वजन, तरफेची लांबी आणि मिनिटाचे फेरे एवढ्यावरून शक्ती निघते. चाकाभोवती दोर गुंडाळून एका टोकाला वजन व दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावण्याची पद्धत याच कुळातली.

मोजणे सोडून नुसती आकडेमोड केली, की काय होते, हे इंग्लंडने दाखवून दिले. तेथे १९२१ पासून मोटारींवर अश्वशक्तीमागे एक पौंड कर बसला; पण ती अश्वशक्ती सिलिंडरांची संख्या आणि व्यास एवढ्यावरूनच काढीत. कारखानदारांनी मग अरुंद सिलिंडरांची, लांब धावेच्या दट्ट्याची इंजिने बनविली. कागदावरचा आकडा लहान राहिला, खरी शक्ती वाढत गेली.

घरच्या मोटारीचा पडताळा घेण्यास आज एक घड्याळ, वजनकाटा आणि सपाट, निर्मनुष्य रस्ता पुरे. समजा, माणसांसह गाडीचे वजन ८०० किलो भरले. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर देऊन ताशी ४० वरून ६० किलोमीटरवर येण्यास ३ सेकंद लागले. या दोन वेगांच्या गतिज ऊर्जेतील फरक सुमारे ६१,७०० ज्यूल. म्हणजे सुमारे २०,६०० वॅट. वारा आणि चाकांचे घर्षण यांत खर्च होणारी शक्ती निराळी. त्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ६० वरून ४० वर उतरण्यास लागणारा वेळ पाहावा. तो २० सेकंद असेल, तर आणखी ३,१०० वॅट. बेरीज २३,७०० वॅट, अर्थात सुमारे ३२ मेट्रिक अश्वशक्ती. प्रयोग दोन्ही दिशांनी करून सरासरी घ्यावी. गाडी एकाने चालवावी, घड्याळ दुसऱ्याने पाहावे.

हा आकडा पत्रकापेक्षा कमी भरला, तर लगेच फसवणूक समजू नये. पत्रकातील शक्ती इंजिनाच्या दांड्यावरची आणि ठरावीक फेऱ्यांवरची असते. आपण मोजतो ती चाकांपर्यंत पोचलेली, तीही त्या दोन वेगांमधली सरासरी. पण हाच प्रयोग त्याच रस्त्यावर वर्षावर्षाने केला, तर इंजिन थकत चालले आहे की काय, हे मेकॅनिकच्या आधी मालकाला कळेल. गिरणीवाल्याने वॅट यांना विचारलेला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांसही आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या हाताने काढता येते.