मास्तर गोरा पाहिजे

१८४८ च्या उन्हाळ्यात देवमाशांची शिकार करणाऱ्या ‘प्लिमथ’ या अमेरिकी जहाजावरून एक चोवीस वर्षांचा खलाशी छोट्या होडीत उतरला आणि जपानच्या उत्तर टोकाला, रिशिरी बेटाच्या किनाऱ्याला लागला. होडी त्याने मुद्दामच उलटवली होती. परक्या माणसाने जपानच्या भूमीवर पाय ठेवणं तेव्हा गुन्हा होता, पण संकटात सापडलेल्या खलाशाला थोडी दयामाया दाखवतील, असा त्याचा हिशेब होता. पकडून त्याला थेट दक्षिणेला नागासाकीत नेलं आणि एका देवळाच्या आवारात कोंडून ठेवलं. तिथे गजांच्या आतून त्याने इंग्रजीची शिकवणी सुरू केली. शिष्य चौदा, सगळे सरकारी दुभाषे. त्यांना डच भाषा चांगली येत होती, इंग्रजी जेमतेम. एकेकाने समोर बसून वाचायचं आणि आतल्या कैद्याने उच्चार सुधारायचे, असा हा वर्ग काही महिने चालला. १८४९ च्या वसंतात ‘प्रेबल’ ही अमेरिकी युद्धनौका येऊन त्याला सोडवून घेऊन गेली.

या मास्तराचं नाव रॅनल्ड मॅक्डोनाल्ड. इंग्रजी ज्याची घरची भाषा होती असा जपानमधला पहिला इंग्रजी शिक्षक म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. त्याचा एक शिष्य मोरियामा एनोसुके पुढे अमेरिकी नौदलाच्या कमोडोर पेरीबरोबरच्या १८५४ च्या वाटाघाटींत दुभाषा म्हणून बसला. जपानची दारं ज्या तहाने उघडली, त्या तहाच्या बोलण्यांमागे या तुरुंगातल्या शिकवणीचा थोडा तरी हात होता.

मॅक्डोनाल्ड गोरा मात्र नव्हता. त्याचा बाप स्कॉटिश व्यापारी आणि आई कोलंबिया नदीच्या मुखाशी राहणाऱ्या चिनूक जमातीच्या प्रमुखाची मुलगी. आपल्या आजोळच्या लोकांचं आणि जपानी लोकांचं मूळ एकच असावं, अशी त्याची समजूत होती. आपला चेहराच आपल्याला तिथे आत घेईल, या भरवशावर तो निघाला होता. पुढच्या दीडशे वर्षांत तिकडच्या देशांत इंग्रजी शिकवायला निघालेल्या गोऱ्या नसलेल्या माणसांना चेहऱ्याचा अनुभव नेमका उलटा आला.

मॅक्डोनाल्डनंतर दहा वर्षांनी, १८५९ मध्ये, त्याच नागासाकीत गिडो फेरबेक हा मिशनरी येऊन दाखल झाला. त्याच्या हाताखाली पुढचे मोठमोठे जपानी राजकारणी शिकले. दोनदा पंतप्रधान झालेले आणि वासेदा विद्यापीठ स्थापन करणारे ओकुमा शिगेनोबू हे त्यांतले एक. पुढे तोक्योतल्या सरकारी विद्यालयाची सूत्रंही फेरबेकच्या हाती आली. फेरबेक जन्माने डच. तरुणपणी तो अमेरिकेत गेला आणि इंग्रजीत तरबेज झाला, पण ती त्याची मातृभाषा नव्हती. यात कुणाला काही वावगं वाटल्याचं दिसत नाही. माणूस विद्वान होता, कष्टाळू होता आणि युरोपीय होता.

सगळेच फेरबेकसारखे नव्हते. मेजी राजवटीने पाश्चात्त्य विद्या शिकवायला परदेशी माणसं भराभर नेमली. त्यांना ‘ओयातोई’, म्हणजे पगारी परदेशी, म्हणत. त्यांचा पगार जपानी शिक्षकाच्या कितीतरी पट असे. १८७० च्या दशकात तिथे शिकवून गेलेल्या विल्यम ग्रिफिस या अमेरिकी शिक्षकाने आपल्या ग्रंथात या भरतीची चांगलीच हजेरी घेतली आहे. सुरुवातीच्या घाईत बंदरांवरचे खलाशी, दुकानातले कारकून, सैन्यातले उनाड आणि खाटीकसुद्धा मास्तर होऊन बसले होते, असं तो लिहितो. ‘इंग्रजी बोलणारा गोरा’ एवढीच पात्रता पुरेशी होती. कोरियाच्या राजाने मात्र १८८६ मध्ये उमरावांच्या मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा होमर हल्बर्टसह तीन सुशिक्षित अमेरिकी तरुण रीतसर मागवून घेतले. परदेशातून मास्तर आणायचा म्हणजे गोरा आणायचा, ही कल्पना तिथूनच रुजत गेली.

हे खूळ पूर्वेकडच्या लोकांचंच, असं मानण्याचं कारण नाही. मराठीच्या शिकवणीचा इतिहास पाहिला तरी पुरे. १८०० मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. कंपनीच्या तरुण गोऱ्या अंमलदारांना देशी भाषा शिकवणं हे त्याचं काम. मूळचा इंग्लंडमधला मोची आणि पुढे मिशनरी झालेला विल्यम केरी तिथे १८०१ पासून बंगाली आणि संस्कृत, आणि पुढे मराठीही शिकवू लागला. सुरुवातीला त्याचा पगार महिना ५०० रुपये होता आणि प्राध्यापक झाल्यावर तो १००० वर गेला. त्याच्या बंगाली विभागात मुख्य पंडिताला २०० रुपये आणि साध्या पंडिताला ४० रुपये मिळत. केरीच्या नावावर १८०५ चं मराठी व्याकरण आणि १८१० चा कोश आहे. कामात त्याच्या शेजारी बसत ते पंडित वैजनाथ, ज्यांच्या घरात मराठी बोलली जात होती. केरीची तळमळ खरी होती आणि त्याची मेहनत अफाट होती, यात शंका नाही. पण नियम बघा. मराठी शिकवायची तर मराठी माणूस साहाय्यक आणि इंग्रज प्राध्यापक. इंग्रजी शिकवायची तर ‘इंग्रजी जन्मभाषा असलेला’ प्राध्यापक. ‘जन्मभाषा’ हा निकष गोऱ्या माणसाच्या सोयीने कधी वर चढायचा, कधी खाली उतरायचा.

या निकषाला शास्त्राचा शेंदूर विसाव्या शतकात लागला. १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवण्यावर राष्ट्रकुलातल्या तज्ज्ञांची परिषद झाली. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे ज्याची ती जन्मभाषा आहे तो, हा तिथून पुढे जणू सिद्धान्तच झाला. त्याला कसलाही पुरावा नव्हता, हे रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये भाषिक साम्राज्यवादावरच्या पुस्तकात दाखवून दिलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या जॉर्जियामध्ये डोनाल्ड रुबिन यांचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यापीठातल्या ६२ विद्यार्थ्यांना एकाच बाईच्या आवाजातलं छोटं व्याख्यान ऐकवलं. अस्सल अमेरिकी उच्चारांची ती ओहायोची बाई होती. काहींसमोर गोऱ्या बाईचा फोटो ठेवला, काहींसमोर पूर्व आशियाई बाईचा. आवाज तोच, मजकूर तोच. तरी आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना उच्चार परके वाटले, आणि ऐकलेलं समजलंही कमी.

कान डोळ्यांचं ऐकतात, हे एकदा कळलं की हागवानांच्या जाहिराती समजतात.

हागवान म्हणजे कोरियातली खासगी शिकवणी. आपल्याकडच्या कोचिंग क्लासची कोरियन भावंडंच ती. १९८० मध्ये लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. ती हळूहळू सैल झाली आणि २००० मध्ये घटना न्यायालयाने मोडीत काढली. दरम्यान १९९७ मध्ये इंग्रजी तिसरीपासून शाळेत आली आणि पालकांची धावाधाव सुरू झाली. जपानने १९८७ मध्ये ‘जेट’ योजनेत चार इंग्रजीभाषक देशांतून ८४८ तरुण आणले होते. कोरियाने १९९५ मध्ये तसाच सरकारी कार्यक्रम काढला. ‘वॉनोमिन’, म्हणजे ‘मूळ भाषेचा माणूस’, हा शब्द हागवानांच्या पाट्यांवर झळकू लागला. अर्जासोबत पदवीची प्रत लागते आणि फोटोही लागतो. फोटो का, हे कुणी लिहीत नाही. फीच्या पत्रकावर आणि जिन्यातल्या फलकावर जो चेहरा लावायचा असतो, तो आधी पाहून घेतला जातो.

या फोटोने किती जणांची गोची केली! ज्याचे आईबाप कोरियातून अमेरिकेत गेले, ज्याची पहिली भाषा इंग्रजी, असा कॅलिफोर्नियात जन्मलेला ‘ग्योपो’ तरुण सोलला येतो आणि त्याला कळतं की आपला चेहरा विकाऊ नाही. पालकांना वाटणार, हा तर आपल्यातलाच. कृष्णवर्णीय अमेरिकी शिक्षकांनाही असाच अनुभव येत गेला, आणि २०१४ मध्ये अशा काही नकारांच्या बातम्या जगभरच्या वर्तमानपत्रांत आल्या. फिलिपिन्सची कथा तर आणखी गमतीची. हजारो कोरियन विद्यार्थी स्वस्तात इंग्रजी शिकायला सेबू आणि बागियोला जातात. त्यांना तिथे शिकवणाऱ्या फिलिपिनी शिक्षिकेला मात्र कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ‘ई-२’ व्हिसा मिळत नाही.

तो व्हिसा ठरलेल्या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. व्हिसा मिळालेल्यांनाही सगळं सुरळीत नव्हतं. २००७ मध्ये एका परदेशी शिक्षकाच्या अटकेनंतर कोरियात गदारोळ उठला आणि ई-२ वाल्यांवर एचआयव्ही चाचणीची सक्ती आली. कोरियन शिक्षकांना ही सक्ती नव्हती. परदेशी नागरिक असूनही कोरियन वंशाचे असणाऱ्यांनाही ती नव्हती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने दुसऱ्यांदा चाचणी द्यायला नकार दिला आणि तिचा करार पुढे चालू राहिला नाही. ती थेट संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीकडे गेली. मे २०१५ मध्ये समितीने निकाल दिला की या सक्तीला सार्वजनिक आरोग्याचा आधार नाही आणि तिने शिक्षिकेच्या कामाच्या हक्कावर घाला घातला आहे. २०१७ मध्ये कोरियाने ही सक्ती रद्द केली. चेहऱ्याचं राजकारण इथे उलट्या दिशेने चाललं होतं. ज्यांना वर्गात मिरवायचं, त्यांच्याच रक्ताकडे संशयाने बघायचं.

विरोधही घडत गेला, पण सावकाश. इंग्रजी शिक्षकांची ‘टेसोल’ ही मोठी आंतरराष्ट्रीय संघटना. तिने १९९१ मध्ये जन्मभाषेवरून होणाऱ्या भरतीचा निषेध केला. १९९८ मध्ये श्रीलंकेत जन्मलेल्या जॉर्ज ब्रेन यांच्या पुढाकाराने इंग्रजी ज्यांची पहिली भाषा नाही अशा शिक्षकांचा गट तिच्यात उभा राहिला, आणि २००६ मध्ये संघटनेने याविरुद्ध पुन्हा ठाम भूमिका जाहीर केली. कोरियात २०१९ पासून उमेदवाराला रूप, उंची, वजन विचारायला कायद्याने मनाई आहे. पण हा कायदा तीस किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांनाच लागू आहे, आणि गल्लीतल्या हागवानात एवढी माणसं नसतात. अर्जावरचा फोटो तर या कायद्यानेही काढला नाही. वंश, वर्ण अशा सगळ्याच कारणांवरच्या भेदभावाला आळा घालणाऱ्या व्यापक कायद्याचा मसुदा २००७ पासून पुनःपुन्हा संसदेत आला आणि पुनःपुन्हा तिथेच अडला.

या दारातून भारतीयही आत गेले आहेत, पण थोडे वाकून. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापक आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्यात भारतीय इंग्रजी शिक्षकांना प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत काम करण्याची मुभा मिळाली. सात देशांच्या नागरिकाला हागवानात शिकवायला कोणत्याही विषयाची पदवी चालते. पुण्या-नागपूरच्या शिक्षिकेला पदवी तर हवीच, वर इंग्रजी शिकवण्याचा अधिकृत परवानाही हवा. करारात या जागेचं नाव ‘साहाय्यक शिक्षक’ असं लिहिलेलं आहे. फोर्ट विल्यममध्ये पंडित वैजनाथ बसत होते, ती जागाही साहाय्यकाचीच होती.