थकलेलं उत्तर

दहा वर्षं कुणी हात न लावलेलं खातं बँक बाजूला काढते, पण मालक उगवला तर पैसे परत देते. प्रेमाला अशी सोय नाही, असं मी चाळिशीपर्यंत समजत होतो.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना एकदा एका मुलीबरोबर एस.टी.नं चिरनेरला गेलो होतो. निमित्त महागणपतीचं. गाव तिच्या आजोळचं. हुतात्मा स्तंभापाशी उभी राहून ती जंगल सत्याग्रहाची हकिकत सांगत होती आणि मी तिच्या कानातले डूल मोजत होतो. डूल दोनच, तरी हिशेब लागत नव्हता. शेवटी तिनं विचारलं, "मग किती जण गेले?"

मी म्हणालो, "कुठं?"

पुढं आमचं बोलणं हळूहळू बंदच पडलं.

यंदा २५ सप्टेंबरला किरकोळ रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून मी चिरनेरला गेलो. सौ. बरोबर होती, तिला फक्त गणपतीचं सांगितलं होतं. ती जुनी ओळख कुठं दिसेल, अशी अंधूक आशा होती. दिसली नाही. मग करायला काही नव्हतं, म्हणून स्तंभावरची नावं वाचली. नवश्या महादेव कातकरी. रघुनाथ मोरेश्वर न्हावी. धाकू गवत्या फोफेरकर...

१९३० साली पावसाळ्यात मिठाचा सत्याग्रह चालेना, तेव्हा लोकांनी जंगलचा कायदा मोडायचं ठरवलं. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या सरपण आणलं, तिथली काटकी तोडणंही गुन्हा झालं होतं. २५ सप्टेंबरला आसपासच्या गावांतले शेतकरी, कातकरी कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही गेले. बंदोबस्ताला आलेले मामलेदार जोशीही गेले. घरची चूल पेटावी म्हणून निघालेली साधी माणसं! आणि एवढं सगळं कुणी जीव तोडून सांगत असताना मी डूल बघत होतो. त्या वयाला माफी असते म्हणतात. त्या आठ जणांतही कुणी तरुण असेलच की.

"किती जण हो गेले?" सौ.नं विचारलं.

"आठ," मी ताडकन म्हणालो.

"बरं पाठ आहे!"

"वीस-बावीस वर्षांपूर्वी एकीनं विचारलं होतं इथंच."

सौ.नं माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे एकदा पाहिलं. "मग तेव्हाच नाही का सांगायचं? मी तरी सुटले असते!"