रानपिंगळ्याची साक्ष

परभणीहून पूर्णेकडे रेल्वेनं निघालं की वाटेत पिंगळी स्टेशन लागतं. तेच माझं गाव. गावाच्या नावाचा आणि पिंगळा पक्ष्याचा काही संबंध आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण आमच्या घरामागच्या लिंबाच्या ढोलीत पिंगळ्यांची एक जोडी होती, हे मात्र खरं. तिन्हीसांजेला त्यांचा कलकलाट सुरू झाला की अम्मी म्हणायची, “हाकल रे त्यांना, घरात आजारी माणूस आहे.” मी नुसता हात हलवायचो. ते मान वाकडी करून माझ्याकडेच बघत राहायचे.

आज सांगायचं आहे ते या पिंगळ्याच्या चुलतभावाविषयी, म्हणजे रानपिंगळ्याविषयी. १८७३ साली ह्यूम यांनी या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली. त्या काळी पक्षी पाहिला असं नुसतं सांगून भागत नसे. तो बंदुकीनं मारायचा, कातडं सोलून त्यात कापूस भरायचा आणि पायाला ठिकाण व तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधायची. तीच साक्ष. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं असे काही रानपिंगळे जमवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कुणालाच सापडेना. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची अवघी सात अस्सल कातडी उरली.

यात एक वेगळं कातडंही होतं. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित संग्राहकाच्या चिठ्ठीवर ‘१९१४, मांडवी, गुजरात’ असं लिहिलेलं होतं. अभ्यासकांनी त्यावर विश्वास ठेवला. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनीही शोध घेतला, पण पदरी निराशाच आली. मधल्या काळात रानपिंगळ्याचं म्हणून एक छायाचित्र पुढे आलं, तेही साध्या पिंगळ्याचं निघालं.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी ते कातडं बारकाईनं तपासलं. त्याची शिवण आणि आतला भरणा पाहिला, तेव्हा हात डेव्हिडसनचा निघाला! कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला पक्षी चोरून, पुन्हा भरून, त्यावर आपली खोटी चिठ्ठी लावली होती. एका खोट्या ठिकाणानं आणि तारखेनं शोधाची दिशाच चुकवली होती.

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी मांडवीचा नाद सोडला आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणी शोध सुरू केला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी एका झाडावर रानपिंगळा उन्हात बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! त्यांनी त्याची छायाचित्रं घेतली, चित्रफीत घेतली. या वेळी साक्ष देण्यासाठी पक्ष्याला मरावं लागलं नाही. इतिहासात झालेला हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

त्यांना तो दिसला त्यात ऋतूचाही वाटा असणार. रानपिंगळा दिवसा हिंडणारा, पानगळीच्या सागवानी रानात राहणारा. पावसाळ्यात तेच रान पानांनी गच्च भरतं, मग फांदीवरचा पक्षी नजरेस पडणं कठीण. उत्तरेकडच्या बर्फाळ देशांत एकच तळं, एकच झाड चारही ऋतूंत टिपणारे छायाचित्रकार आहेत. आपल्याला वाटतं, आपल्याकडे टिपण्यासारखं काय बदलतं? पण आमच्या लिंबाकडेच पाहा. थंडीत ते दोघे अंग फुगवून कोवळ्या उन्हात बसत. होळीच्या सुमारास पानं झडत आणि ढोली उघडी पडे. चैत्रात तांबूस पालवी आणि पांढरा मोहोर. पावसाळ्यात नुसता आवाज ऐकू येई, पक्षी काही दिसत नसे.

एका वर्षी उसना कॅमेरा आणून मी हे सगळे ऋतू टिपले. रोल शहरातल्या एका स्टुडिओत धुवायला दिला. तिथं त्यात उजेड शिरला आणि जवळजवळ सगळी चित्रं गेली. एकच वाचलं. त्यात उघडी फांदी आहे आणि तिच्यावर दोन पिंगळे आहेत. पुढे रस्ता रुंद झाला, लिंब गेला आणि अम्मीही गेली.

परवा तो फोटो हाती आला. मागे पाहिलं तर कोरा. साल नाही, महिना नाही, गावाचं नावसुद्धा नाही. कर्नलसाहेबांनी खोटं लिहिलं, मी काहीच लिहिलं नाही. उद्या माझ्या नातवानं विचारलं, हे झाड कुठलं, तर फोटो गप्पच राहणार.

रानपिंगळा पुढे मेळघाटात सापडला, तानसाच्या जंगलातही सापडला. तो आजही संकटग्रस्त आहे, पण आहे. आपल्या शिवारातलं काय टिकेल, हे कुणी सांगावं? आता घरोघरी, हातोहाती कॅमेरा आला आहे. बांधावरचं झाड, तळ्यावरचे बगळे जरूर टिपा. पण सोबत गाव आणि तारीख लिहायला विसरू नका. मी त्या फोटोमागे परवा एवढंच लिहिलं : ‘पिंगळी. बहुधा फाल्गुन. साल आठवत नाही.’

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)